शब्दाच्या टोकाचा स

४ फेब्रुवारी

दादा,

आधी काय घडलं ते लिहिते. माझं मत नंतर.

१. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ठकू नापास झाली. बाई एकवचन म्हणणार आणि मुलांनी त्याचं अनेकवचन सांगायचं, एवढीच परीक्षा होती.

२. त्या शाळेत पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून आहेत. मुख्याध्यापकांनी वहिनीला बोलावून सांगितलं की ठकूला ते झेपणार नाही, तिला कमी ऐकणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला. ती शाळा दुसऱ्या गावी आहे. तिथली मुलं फक्त सुट्टीत घरी येतात.

३. शाळेने संमतीचा कागद तुला जहाजावर पाठवला. तू सही करून परत पाठवलास.

४. वहिनीने सही केली नाही. ती ठकूला घेऊन माझ्या दवाखान्यात आली.

५. ठकूला ह्यातलं कोणीही काही सांगितलेलं नाही. तिला सगळं माहीत आहे.

तुझ्या घरच्या गोष्टीत माझं नाव चौथ्या क्रमांकावर आलं. ते मी घुसवलेलं नाही. चार वर्षांत आपण एकमेकांना एक ओळही लिहिली नाही, आणि हे पत्र त्याबद्दल नाही.

वहिनी आली तेव्हा मी एका आजोबांच्या कानातलं मशीन साफ करत होते. ती रांगेत बसली नाही. सरळ आत आली आणि म्हणाली, "तुमच्या दोघांचं भांडण तुम्ही सावकाश म्हातारे होईपर्यंत भांडा. माझी पोरगी आधी बघ." आजोबांनी मशीन नसतानाही हे ऐकलं आणि स्वतः उठून जागा दिली.

ठकू खुर्चीत बसली. पाय आता जमिनीला टेकतात. मला बघून म्हणाली, "आत्या, तू मोठी झालीस." मी म्हटलं, "नाही, तू झालीस." ती म्हणाली, "मी तर झालेच."

मी तिचं मशीन काढून कान तपासला. ऐकण्याचा आलेख काढला. चार वर्षांपूर्वी होता तसाच आहे, म्हणजे तिचं ऐकणं आणखी कमी झालेलं नाही. ही चांगली बातमी आहे आणि मी ती मुद्दाम आधी लिहिते. मग तिची अडचण कशात आहे हे मला अजून कळलेलं नाही. तिचं डोकं चांगलं चालतं. गणितात वर्गात दुसरी आहे, आणि पहिल्या आलेल्या मुलाबद्दल तिचं मत फार वाईट आहे.

दादा, निवासी शाळा वाईट नसते. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं तिथे फुललेली मी पाहिली आहेत. पण ज्या मुलाला ती हवी त्याच्यासाठी ती. ठकूला ती हवी की नको, हे ठरवण्याइतकी माहिती आज तुझ्याकडे नाही. माझ्याकडेही नाही. मी काढते.

मुख्याध्यापकांकडून मी सत्र संपेपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. पुन्हा एकदा तोंडी परीक्षा घ्यायला ते कबूल झाले. तोपर्यंत सही मागे घे असं मी म्हणत नाही. वाट बघ, एवढंच.

धाकटी


१० फेब्रुवारी

दादा,

मी शाळेत जाऊन इंग्रजीच्या बाईंना भेटले. तुला त्या आठवत असतील, वर्गात शिरल्या की खिडक्याही सरळ उभ्या राहतात अशा. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत्या का? बरं झालं. आई नुसती ऐकून घेते, बाप समुद्रात. कोणाशी तरी भांडता येईल."

मी म्हटलं, "भांडायला नाही आले. ठकूचं नक्की काय चुकतं ते बघायला आलेय."

"चुकतं? मुद्दाम चुकवते ती!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "अवघड येतं आणि सोपं येत नाही, असं कधी असतं का? 'फूट'चं 'फीट' सांगते. 'मॅन'चं 'मेन' सांगते. जिथे चांगली चांगली मुलं आपटतात ते सगळं हिला येतं. 'बॉक्स'चं 'बॉक्सेस', 'ब्रश'चं 'ब्रशेस', चोख. आणि 'कप'चं अनेकवचन विचारलं की माझ्या डोळ्यांत बघून म्हणते, 'कप'! 'बुक'चं 'बुक'! 'कॅट'चं 'कॅट'! बालवाडीतलं पोर सांगेल हे. हा हट्ट नाही तर काय?"

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आत्ता मला उत्तर दिलंत."

"मी तक्रार केली," त्या म्हणाल्या.

दादा, तू इंजिनाचा आवाज ऐकून कुठला भाग बिघडला ते सांगतोस. तसंच हे बघ. 'फूट'चं 'फीट' होताना मधला स्वर बदलतो. 'बॉक्स'चं 'बॉक्सेस' होताना एक आख्खा स्वर वाढतो. स्वर जाड असतात, त्यांना दम असतो, ठकूच्या मशीनमधून ते नीट पोचतात. ओठांवर दिसतातसुद्धा. पण 'कप'चं 'कप्स' होताना काय वाढतं? शेवटी एक बारीक स. त्याला ना स्वर, ना दम. दातांच्या फटीतून निसटणारी नुसती हवा. ओठांवर तो दिसत नाही, आणि आवाजाच्या सगळ्यात वरच्या पट्टीत असतो. सोपं म्हणतात ते ठकूसाठी तिथे नाहीच. ती हट्ट करत नाही, बाई जे म्हणतात ते तिच्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढं ती तंतोतंत परत देते.

आणि मग आपण सगळे इतके दिवस कसे फसलो, तेही कळलं. आपल्या भाषेत अनेकवचन स्वरांत असतं. वाटी-वाट्या, मुलगा-मुलगे, झाड-झाडं. ठकू ह्यात कधीच चुकली नाही, म्हणून आपण म्हणत राहिलो की ऐकू येतंय, छान चाललंय. इंग्रजीने आपलं अनेकवचन नेमकं तिच्या ऐकण्याच्या कुंपणाबाहेर ठेवलं आहे.

संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन मी ठकूलाच विचारलं. "एक कप, दोन काय?"

"कप."

"असं का?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "आत्या, एक दगड, दोन दगड. एक हात, दोन हात. काही शब्द बदलतात, काही नाही बदलत. इंग्रजीत पण तसंच."

"पण पुस्तकात शेवटी एक वाकडं अक्षर असतं ना?"

"असतं. पण ते गप्प अक्षर आहे. 'नाइफ'मध्ये सुरुवातीला असतं तसं. बाईंनीच शिकवलंय, इंग्रजीत पुष्कळ अक्षरं नुसती बसायला येतात."

दादा, मी सहा वर्षं हा विषय शिकले. इतका नीट, इतका बिनतोड सिद्धान्त मी एकाही वर्गमित्राकडून ऐकलेला नाही. चुकीचा आहे, पण मूल ढ असतं तर तो मांडता आला नसता.

आता तुझ्या उपयोगाचं. दवाखान्यात आमच्याकडे एक छोटी पेटी आहे. मशीन तिच्यात ठेवायचं, की ते कुठल्या पट्टीचा आवाज किती वाढवतं ते मोजता येतं. ठकूचं मशीन खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत उत्तम आहे. वरच्या पट्टीत ते जवळजवळ बंद आहे. बिघडलेलं नाही. कोणीतरी तसं लावलेलं आहे.

तसं का लावतात, तेही सांगते. मूल वाढतं, त्याचा कान वाढतो. कानात बसणारा साचा तेवढाच राहतो, मग सैल होतो. त्या फटीतून आवाज बाहेर येऊन पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी वाजवायला लागतं. शिट्टी वरच्या पट्टीत असते. वरची पट्टी बंद केली की शिट्टी बंद. तिच्याबरोबर स सुद्धा बंद.

सांध्यातलं गॅस्केट गळायला लागलं तर तू गॅस्केट बदलतोस, की बॉयलरचा दाब उतरवून ठेवतोस?

नवा साचा करायचा आहे. वरची पट्टी उघडायची आहे. वहिनीची परवानगी आहे. तुझी मागत नाही, कळवते आहे.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. तिने तो तुझ्या आवाजात म्हणून दाखवला: "तिला म्हणावं, बॉयलर मला शिकवू नकोस." मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आणि शेवटी विचारत होता, साचा करताना दुखतं का."

दुखत नाही. कानात गुलाबी रंगाची थंड लुगदी भरतात, ती घट्ट होईपर्यंत हसायचं नाही. ठकूला हसायचं नाही म्हटलं की काय होतं ते तुला माहीत आहे. पहिली लुगदी वाया गेली. दुसऱ्या वेळी मी तिला गणितातल्या त्या पहिल्या मुलाबद्दल विचार करायला सांगितलं. चेहरा दगडासारखा झाला, साचा सुरेख आला.

साचा करताना वहिनी शेजारी बसली होती. ती सहज म्हणाली की ठकूचं बोबडं बोलणं मध्यंतरी पार गेलं होतं, गेल्या वर्षी पुन्हा आलं. साबणाला 'थाबण', सकाळला 'थकाळ'. सगळ्यांना ते इतकं गोड वाटलं की घरात आता सगळेच 'थाबण' म्हणतात. शेजारच्या काकूसुद्धा. तू फोनवर म्हणतोस. वहिनी म्हणाली, "मला वाटलं, पोरीचं लहानपण जरा लांबलं. बरंच आहे."

मी विचारलं, पुन्हा कधी आलं ते. तिने आठवून सांगितलं. मग ठकूच्या मशीनकडे बघितलं.

हे मी लिहिणार नव्हते. पण तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गेल्या वर्षी तू सुट्टीवर आला होतास. शाळेच्या कार्यक्रमात ठकूचं मशीन शिट्टी वाजवत होतं आणि लोक वळून बघत होते. दुसऱ्या दिवशी तू तिला घेऊन मशीनच्या दुकानात गेलास आणि शिट्टी बंद करून आणलीस. दुकानदाराने तू मागितलंस ते दिलं. सोपा उपाय होता, त्याने केला. तो मशीन विकतो, साचे करत नाही.

ते दुकान आमच्या दवाखान्याच्या पुढच्या चौकात आहे. तिथे जायला आमच्या दारावरून जावं लागतं. मी त्या दिवशी सुट्टीवर नव्हते.

एवढंच. तुझी मुलगी लोकांनी वळून बघण्यासाठी नाही, हे तुझं बरोबर होतं. तिच्यासाठी तू त्याच दिवशी उठून गेलास, हेही मी लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी मी तुला पहिल्यांदा सांगितलं की तिला कमी ऐकू येतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "शिकतेस काय आणि पहिला पेशंट घरातच शोधतेस!" त्यानंतर माझ्या दारात न शिरणं तुला सोपं होतं, हे मला कळतं. आवडत नाही, पण कळतं.

आता काल काय झालं ते.

नवा साचा बसवला. शिट्टी नाही. मी वरची पट्टी हळूहळू उघडली. ठकू खुर्चीत होती, वहिनी दारापाशी. माझ्या हातात एक कागद होता, तो मी नुसता टेबलावर सरकवला. ठकूने मान वळवली.

"काय वाजलं?"

"कागद."

"कागद वाजतो?"

तिने तो घेतला. घासला, चुरगळला, उलगडला, पुन्हा चुरगळला. मग उठून खोलीभर फिरली. पडदा ओढला. स्वतःचे केस कानापाशी चोळले. वहिनीच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून घासला. "आई, तू पण वाजतेस!" नळाखाली हात धरला. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या चपला केव्हापासून बोलतात?"

वहिनी म्हणाली, "आत्याशी घरातलं कोणी बोलत नाही ना, म्हणून चपलांना बोलावं लागतं." ह्यावर ती हसली आणि तशीच बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

मी माझ्या जागी होते. मला काम होतं.

मग मी तोंडापुढे कागद धरला, म्हणजे माझे ओठ दिसू नयेत. म्हटलं, "कप." थांबले. म्हटलं, "कप्स."

ठकूने माझ्या हातातला कागद खाली ओढला. मग म्हणाली, "ते अक्षर गप्प नाहीये."

"नाही."

"मग मला सगळ्यांनी गप्प आहे असं का सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाही. तुला ते ऐकू येत नव्हतं."

तिने विचार केला. "म्हणजे माझं बरोबर होतं आणि मशीनचं चूक होतं."

"हो."

"बाईंना सांगशील?"

सांगणार आहे. आणि तू फोनवर 'थाबण' म्हणणं आजपासून बंद कर. तिला आता फरक कळतो.

धाकटी


१ मार्च

दादा,

हे पत्र चांगलं नाही. तुला फक्त चांगलं कळवून मला काही सिद्ध करायचं नाही, म्हणून लिहिते.

मुख्याध्यापकांच्या परीक्षेआधी बाईंनी एकदा स्वतः तालीम घेऊन बघितली. वहिनीने त्यासाठी एक छान गोष्ट केली. बाई बोलताना ओठ दिसू नयेत पण आवाज अडू नये, असा पडदा हवा होता. कागदाने आवाज बदलतो. वहिनीने भरतकामाच्या गोल कडीत पातळ काळं कापड ताणून बसवलं, खाली लाकडी मूठ लावली. बाईंनी ती तोंडापुढे धरली तेव्हा वर्गातली मुलं म्हणाली, बाई राणीसारख्या दिसतात. बाईंनी त्यांना गप्प केलं, पण कडी खाली ठेवायला जरा वेळ लावला.

'कप'चं 'कप्स'. 'बुक'चं 'बुक्स'. 'कॅट'चं 'कॅट्स'. ठकूने प्रत्येक स असा काही म्हटला की समोरच्या मुलाने तोंड पुसलं.

मग बाई म्हणाल्या, "फूट."

ठकू आनंदाने म्हणाली, "फूट्स!"

बाईंनी कडी खाली केली. "पुन्हा सांग."

"फूट्स."

"मॅन?"

"मॅन्स!"

"शीप?"

"शीप्स!"

जे तिला आधी येत होतं ते सगळं गेलं. आधी सोपं येत नव्हतं, आता अवघड येत नाही. गुण मोजले तर पहिल्याहून कमी. वहिनी मागच्या बाकावर बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना. ताण पडतो मुलांवर." मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

मी परत आले तेव्हा मुलं गेली होती. बाई एकट्या होत्या आणि कडी हातात फिरवत होत्या. मी म्हटलं, "बाई, हे मागे जाणं नाहीये."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी समजावायची तयारी करून आले होते. ती वाया गेली.

त्या म्हणाल्या, "माझा धाकटा तीन वर्षांचा असताना 'फीट' म्हणायचा. आमचं ऐकून पोपटासारखं. मग एक दिवस 'फूट्स' म्हणायला लागला. मी घाबरले, पोराला काय झालं. माझी आई म्हणाली, काही झालं नाही, आता तो स्वतः बोलतोय. इतकी वर्षं शिकवतेय मी. ज्याला स ऐकू येतो असं प्रत्येक मूल एकदा तरी 'फूट्स' म्हणतं. हिनेच माझ्या वर्गात कधी म्हटलं नव्हतं. कधीच नाही. आणि मी तिला ह्याच शब्दांसाठी शाबासकी देत होते!"

मग त्या एकदम माझ्यावर चिडल्या. "तुम्ही हसताय काय? परीक्षेत 'फूट्स' चूकच आहे. मी गुण देणार नाही."

मी म्हटलं, "देऊ नका."

"पाठ झालेलं आणि समजलेलं ह्यातला फरक त्या खुर्चीतल्या माणसाला दाखवायचा कसा?" खुर्चीतला माणूस म्हणजे मुख्याध्यापक. त्या खडूने फळ्यावर रेघा मारत विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "मला एक शब्द हवा, जो जगात नाही."

काय म्हणायचंय ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी विचारलंही नाही. पहिल्यांदाच माझ्याखेरीज दुसरं कोणीतरी ठकूसाठी विचार करत होतं, आणि मला मध्ये बोलायचं नव्हतं.

परीक्षा सहा तारखेला आहे.

धाकटी


७ मार्च

दादा,

जिंकलो.

हा शब्द मी आजपर्यंत कुठल्या अहवालात लिहिलेला नाही. इथे लिहिते, कारण दुसरा बसत नाही.

परीक्षा मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. ते खुर्चीत, बाई फळ्यापाशी, ठकू मध्ये, वहिनी आणि मी भिंतीला टेकून. वहिनी तुझा निळा शर्ट घालून आली होती, साडीवर. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "दोन्ही पालक हजर पाहिजेत असं कागदावर लिहिलंय."

नेहमीचे शब्द आधी झाले. बाईंनी कडी तोंडापुढे धरून एक शब्द म्हणायचा, ठकूने चित्राला बोट लावायचं, एक वस्तू की अनेक. एकही चुकलं नाही. मग तिने बदलून सांगायचं. 'फूट'ला ती थांबली. मी श्वास रोखला होता असं वहिनी म्हणते, मला आठवत नाही. ठकू म्हणाली, "फीट. पण फूट्स असायला पाहिजे होतं." 'शीप'ला म्हणाली, "शीप. हा आपल्या दगडासारखा." 'मॅन' मात्र 'मॅन्स'च राहिला. बाईंनी तो चूक धरला आणि तसं मोठ्याने सांगितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "छान आहे. चांगली तयारी करून घेतलीत. पण बाई, पाठांतर म्हणजे समज नव्हे. पाचवीत रोज नवे शब्द येतात."

बाई ह्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर एक प्राणी काढला. गोल पोट, तीन पाय, डोक्यावर झुबका. कडी तोंडापुढे धरून म्हणाल्या, "धिस इज अ झुप."

मुख्याध्यापक पुढे वाकले. "हे काय आहे?"

"झुप," बाई म्हणाल्या.

"हा शब्द कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही. मी काल अंघोळ करताना बनवला. तुम्हीच म्हणालात ना, रोज नवे शब्द येतात? हा आजचा आहे. हिने ऐकलेला नाही, तुम्ही ऐकलेला नाही, कोणी पाठ करून घेतलेला नाही." त्यांनी शेजारी दुसरा प्राणी काढला, अगदी तसाच, फक्त जरा चिडलेला. "नाऊ देअर आर टू..."

आणि थांबल्या.

ठकूने फळ्याकडे बघितलं. प्राणी नीट बघितले. चिडलेल्याकडे जास्त वेळ.

"झुप्स," ती म्हणाली.

तो स मी ऐकला, दादा. स्वच्छ, बारीक, शेवटपर्यंत नेलेला.

मग ती मुख्याध्यापकांकडे वळली आणि समजावून सांगितलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून तिला वाटलं की त्यांना कळलेलं नाही. "इंग्रजीत झुप्स, सर. आपल्यात झुपं. एक झुप, दोन झुपं. झाडासारखं."

बाईंच्या हातातली कडी खाली आली आणि त्या हसत होत्या. खिडक्या सरळ करणाऱ्या त्या बाई, फळ्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुख्याध्यापकांनी स्वतःशीच एकदा "झुप्स" म्हणून बघितलं. मग दुसऱ्यांदा. मग त्यांनी विचारलं, "तिसरा पाय कशाला काढलात?" आणि बाई म्हणाल्या, "वाटेत तुमचा प्रश्न आडवा आला तर उडी मारायला."

त्यांनी लगेच कबूल केलं. ठकू पाचवीत जाईल, त्याच शाळेत. पहिल्या बाकावर बसेल. बाई फळ्याकडे तोंड करून बोलणार नाहीत, हे बाईंनी स्वतःच लिहून घ्यायला लावलं. साचा दर सहामाहीला बदलायचा आणि मशीन त्या पेटीत मोजायचं, हे माझ्याकडे. बाहेर आल्यावर वहिनीने मला मिठी मारली. मी हात कुठे ठेवावेत हे मला सुचलं नाही, म्हणून तुझ्या शर्टाच्या पाठीवर ठेवले.

मघाशी शाळा सुटली तेव्हा मी दारात होते. ठकूने वर्गातल्या सगळ्यांना झुप शिकवला आहे. फाटकातून तीस-चाळीस पोरं "झुप्स, झुप्स" ओरडत बाहेर आली, आणि तो गणितातला पहिला मुलगा तिला विचारत होता की तीन झुप्सना मिळून पाय किती. ती म्हणाली, "नऊ. हे पण सांगायला लागतं तुला?"

आता राहिलेलं काम.

शाळेच्या कागदांत तुझी सही अजून निवासी शाळेसाठीच आहे. मुख्याध्यापकांनी सांगितलं आहे की ती वडिलांना स्वतः लेखी मागे घ्यावी लागेल. दोन ओळी पुरतील: संमती मागे घेतो, मुलगी आहे त्याच शाळेत राहील. कारण लिहायची गरज नाही. मशीन कोणी कसं लावलं होतं, हे मी शाळेत कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तुझं जहाज बारा तारखेला बंदराला लागतं असं वहिनीकडून कळलं. तुझं उत्तर सतरा मार्चपर्यंत पोचायला हवं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल. माझ्या पत्त्यावर पाठवलंस तर मी नेऊन देईन.

धाकटी